साक्षीतला ‘येस’

अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश निंबा उखा कापडणीस यांनी १९८५ च्या जून महिन्यात, उन्हाळी सुट्टी संपून कोर्टे उघडली त्या सोमवारी, पदाचा राजीनामा दिला. निवृत्तीला अकरा वर्षे बाकी होती. राजीनाम्यात कारण लिहिलेले नव्हते. त्याच आठवड्यात शुक्रवारी, नाशिकच्या जिल्हा न्यायालयात चाललेल्या एका जमिनीच्या अपिलात त्यांचे शपथपत्र दाखल झाले. अपील नामपूरच्या ठगूबाई या विधवेचे होते. जमीन मोसम नदीच्या काठची, दोन एकर.

बातमी मीच दिली. पहिल्या पानावर तीन परिच्छेद आले. त्यात जे बसले नाही ते इथे लिहीत आहे.

कापडणीस आणि मी लॉ कॉलेजात एका बाकावर बसत होतो आणि एकमेकांना अरेतुरे करत होतो. पुढे तो आमदार झाला तेव्हा बातमीत मला ‘ते’ लिहावे लागले. न्यायाधीश झाल्यावर ‘मा.’ लावावे लागले. इथे मी ‘तो’ लिहिणार आहे. मला त्याचा हेवा वाटत असे. हेही आधीच नोंदवतो, म्हणजे वाचणाऱ्याला पुढच्या मजकुरातून योग्य ती वजावट करता येईल.

हेव्याची सुरुवात एका वेताच्या खुर्चीपासून झाली. गोळे कॉलनीत परचुरे वकिलांचे ऑफिस होते. दिवाणी कामात त्या काळी नाशिकमध्ये त्यांच्या वर कोणी नव्हते. ज्युनियर ते एकच ठेवत आणि त्याच्यासाठी टेबलाच्या डाव्या अंगाला ती खुर्ची होती. जुना ज्युनियर पुण्याला गेला तेव्हा आम्ही दोघे एकाच दिवशी त्यांना भेटायला गेलो. परचुऱ्यांनी आमच्यापुढे विहिरीच्या भांडणातला एक दावा टाकला आणि म्हणाले, “वाचा आणि चूक सांगा.” मी तांबड्या पेन्सिलीने व्याकरणाच्या सात चुका काढल्या. कापडणीसने दावा दोनदा वाचला, कागद खाली ठेवला आणि विचारले, “म्हणजे, विहीर कोणाच्या हद्दीत आहे?” दाव्यात ते कुठेच लिहिलेले नव्हते. परचुऱ्यांनी कारकुनाला हाक मारून पक्षकाराला बोलावून घ्यायला सांगितले.

खुर्ची त्याला मिळाली. मला परचुरे म्हणाले, “तुमचं मराठी उत्तम आहे. वर्तमानपत्रात जा.” मी गेलो.

‘म्हणजे?’ हा त्याचा शब्द होता. तो भांडणाच्या सुरात येत नसे. समोरचा बोलून थांबला की कापडणीस मान जराशी डावीकडे वळवून तो शब्द टाकी आणि वाट पाही. साध्या माणसाला वाटे, याला कळले नाही. म्हणून तो सगळे पुन्हा सांगे आणि दुसऱ्या वेळी जास्त खरे सांगे. बार रूममध्ये त्याची नक्कल होत असे. तो स्वतः ती नक्कल पाहून हसे आणि करणाऱ्याला विचारी, “म्हणजे, मी मान एवढी वाकडी करतो?”

दुपारी तो कॅन्टीनमध्ये जेवत नसे. खिडकीशी बसून बाजरीची भाकरी, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा खाई. कांदा नामपूरचा असे, घरून पोत्याने येई. वास आवडत नाही असे कोणी म्हटले की तो खिडकी उघडी आणि जेवण चालू ठेवी. त्याच्या कोटाला कोपरांवर हिरवी झाक आली होती. आमदारकीच्या काळातही तोच कोट होता. टिपणे काढायला तो मुलांच्या गणिताच्या चौकटीच्या वह्या वापरी. एका चौकटीत एक अक्षर लिहिले की माणूस घाईत लिहीत नाही, असे त्याचे म्हणणे होते. माझी पत्नी एकदा त्याच्या वहीकडे पाहून म्हणाली, “किती नीट आहेत हो हे.” हे वाक्य माझ्या लक्षात राहिले आहे.

आता ठगूबाईंचा दावा. आणीबाणीच्या आदल्या वर्षी तो सुनावणीला आला. ठगूबाईंच्या नवऱ्याच्या मागे जमीन त्यांच्या नावावर होती. नवऱ्याच्या चुलतभावाच्या मुलाने खरेदीखत पुढे आणले. त्यावर बाईंचा अंगठा होता असे त्याचे म्हणणे होते. बाई म्हणत होत्या, मी अंगठा दिलेला नाही. ठसा पुसट होता आणि तज्ज्ञाने मत देता येत नाही असे कळवले होते. म्हणजे सगळा निकाल बाईंच्या तोंडच्या उत्तरावर येऊन थांबला होता. पुतण्याचे वकील परचुरे होते. कापडणीस त्यांच्या डाव्या हाताला बसला होता. बाईंचे वकील नाशिकचेच होते, त्यांचे नाव इथे आवश्यक नाही. मी वार्ताहरांच्या बाकावर होतो, कारण त्या दिवशी शहरात दुसरे काही नव्हते.

ठगूबाईंना अहिराणीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. मराठी कळत होती. न्यायाधीश साक्ष ऐकत आणि इंग्रजीत सांगत, टंकलेखक टाइप करी. कागदाबद्दल काहीही विचारले की बाई म्हणत, “भाऊले इचारा.” भावाला विचारा. कागदपत्रांचे सगळे भाऊच पाहत होता. तो त्या वेळी बहिणीसाठी पाणी आणायला बाहेर गेला होता.

परचुऱ्यांनी खरेदीखत उंच धरले. “बाई, इकडे बघा. हा अंगठा तुमचा ना?”

ठगूबाईंनी दाराकडे पाहिले. व्हरांड्यातून भाऊ तांब्या घेऊन येत होता. त्या म्हणाल्या, “येस, येस.”

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही हसले. बाईंचे वकील मागे वळून कोणाला तरी म्हणाले, “आमच्या बाई विलायतेला जाऊन आल्या बरं का.” टंकलेखकाने दोन अक्षरे नाही, एक पूर्ण वाक्य टाइप केले: साक्षीदाराने अंगठा आपला असल्याचे मान्य केले. संध्याकाळी कारकुनाने साक्ष भराभर वाचून दाखवली. बाईंनी मान हलवली आणि कागदाखाली अंगठा दिला.

मी चार ओळींची चौकट लिहिली. ‘बाईंचा येस’ असे तिचे शीर्षक होते. नामपूरच्या एका निरक्षर बाईंनी दाराकडे पाहत, दोनदा, ठणठणीत इंग्रजीत कबुली दिली, असा मजकूर होता. संपादकांनी फोनवर शाबासकी दिली. मेन रोडवर दोन ओळखीच्या दुकानदारांनी थांबवून ती पुन्हा माझ्याकडून ऐकली.

दुसऱ्या दिवशी मी अंक घेऊन बार रूममध्ये गेलो आणि चौकट कापडणीसपुढे ठेवली. त्याने ती वाचली.

“म्हणजे?” तो म्हणाला.

“म्हणजे काय म्हणजे? विनोद आहे.”

“हं,” तो म्हणाला. त्याने पट्टी लावून चौकट फाडून घेतली आणि वहीत ठेवली. मला ते कौतुक वाटले.

तिसऱ्या दिवशी सटाण्याच्या आमच्या वार्ताहराचा फोन आला. कांद्याचे भाव सांगून झाल्यावर तो म्हणाला, “साहेब, ती चौकट तुम्ही लिहिली का?”

“हो. का?”

“ते इंग्रजी नाय साहेब. आमच्याकडं येस म्हणजे येतो. भाऊ येस, म्हणजे भाऊ येतोय. बाईला भाऊ दिसला असंल.”

“खात्री आहे?”

“आता मी घरी गेलो की माझी आई रोज म्हणते, पोऱ्या येस. तिला कुठं इंग्रजी येतं?”

कापडणीस नामपूरचा होता. त्याची आई घरात दुसरी भाषा बोलत नव्हती. मी फोन ठेवला आणि कोर्टात गेलो. तो चहाच्या टपरीवर उभा होता.

“तुला माहीत होतं,” मी म्हणालो.

“काय?”

“येस.”

त्याने बशीत चहा ओतला, प्यायला, बशी ठेवली. “मी परचुऱ्यांचा ज्युनियर आहे.”

“ते मी विचारलेलं नाही.”

“मी तेवढंच सांगू शकतो.”

मला त्या दिवशी बरे वाटले, हे लिहिले पाहिजे. त्याच्याविरुद्ध जमा झालेली ही पहिली गोष्ट होती. ती छापायची तर आधी माझी चौकट चुकली हे छापावे लागणार होते. मी ती छापली नाही. दावा पुतण्याच्या बाजूने लागला. निकालपत्रात कबुलीचा उल्लेख दोन ठिकाणी होता. जमिनीचा ताबा गेला, ठगूबाईंनी अपील केले आणि ते जिल्हा न्यायालयात पडून राहिले. बाई नामपूरला व्यापाऱ्यांच्या खळ्यावर कांदा निवडायला जाऊ लागल्या.

त्या निकालानंतर वर्षाच्या आत कापडणीसने परचुऱ्यांची खुर्ची सोडली. कारण त्याने कोणालाच सांगितले नाही. परचुरे एवढेच म्हणत, “पोरगा हुशार आहे, पण मन लागेना.” त्याने सटाण्याला स्वतःचे ऑफिस काढले. पक्षकार अहिराणीत बोलत आणि तो अहिराणीतच लिहून घेई, मग खाली मराठी करी. दोन वर्षांत त्याच्या ऑफिसबाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर लागू लागले. जे ऑफिस नाशिकच्या वकिलांना कोपऱ्यात पडल्यासारखे वाटत होते, तिथे तो परचुऱ्यांपेक्षा जास्त दावे चालवू लागला. मी त्या काळात नगरपालिकेच्या सभा लिहीत होतो.

१९७८ च्या विधानसभा निवडणुकीत तो उभा राहिला. प्रचाराला त्याच्याकडे एक उसनी जीप होती. मी तिच्यातून दोन दिवस फिरलो. गावात शिरले की लोक ‘भाऊ’ म्हणत आणि आपापली भांडणे सांगू लागत. तो भाषण बाजूला ठेवून भांडण ऐकत बसे. कार्यकर्ते हैराण होते. एका गावात त्याने तासभर फक्त बांधाचा तंटा ऐकला. जीपमध्ये बसताना मी म्हणालो, “मतं मागितलीच नाहीस.”

“त्यांनी विचारलंच नाही,” तो म्हणाला.

त्याच दौऱ्यात विरोधी उमेदवाराची दोन माणसे माझ्याकडे आली. लॉजवर बसून त्यांनी मला विचारले, वकिलाबद्दल काही वाकडेतिकडे तुम्हाला ठाऊक असेल, तुम्ही जुने मित्र. मी म्हणालो, काही नाही. ती मैत्री नव्हती. चौकट माझी होती.

तो निवडून आला. मुंबईला जाताना त्याने माझ्याकडून एक चांगले पेन मागून नेले आणि परत केले नाही.

विधानसभेतला त्याचा एक प्रसंग मी प्रेस गॅलरीतून पाहिला. खालच्या कोर्टात साक्ष कशी लिहून घेतली जाते, हा त्याचा विषय होता. सभागृह अर्धे रिकामे होते. तो उठला आणि म्हणाला, “मनी माय रोज येस, पन तिन्हं बोलनं कोनी लिखत नही.” माझी आई रोज येते, पण तिचे बोलणे कोणी लिहीत नाही.

खाली बसून भाषणे लिहून घेणाऱ्या प्रतिवेदकाचा हात थांबला. त्याने वर पाहिले. अध्यक्षांनी सन्माननीय सदस्यांनी मराठीत बोलावे अशी सूचना केली.

“बोलतो, अध्यक्ष महाराज,” कापडणीस म्हणाला. “मी आत्ता जे बोललो ते लिहिलं गेलं नाही. माझा मुद्दा तेवढाच आहे. मी इथे उभा राहून पुन्हा सांगू शकतो. पिंजऱ्यातली बाई पुन्हा सांगू शकत नाही. तिला कळतच नाही की लिहिलं गेलं नाही.”

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “मग सगळ्या न्यायाधीशांना नामपूरला पाठवा.” हशा झाला. मंत्र्यांनी तपासून पाहू असे उत्तर दिले. मी बातमी पाठवली, ती आतल्या पानावर लागली. ते भाषण माझ्या चौकटीवर होते. सभागृहात हे दोनच माणसांना माहीत होते. बाहेर तो मला भेटला, तेव्हा त्याने त्याचा उल्लेख केला नाही आणि मीही केला नाही. त्याने विचारले, “जेवलास?”

विधानसभा मुदतीआधी बरखास्त झाली. पुढची निवडणूक तो लढला नाही. पक्षाचा राजीनामा दिला, पुन्हा वकिलीची सनद हातात घेतली आणि थोड्याच काळात जिल्हा न्यायाधीशांच्या थेट भरतीत त्याची निवड झाली. बार रूममध्ये त्यावर बरेच बोलले गेले. आमदारकी करून न्यायाधीश होता येते का, शिफारस कोणाची, असे. मी चौकशी केली. शिफारस सापडली नाही. सापडावी म्हणून मी बऱ्यापैकी खटपट केली होती.

नेमणूक शेजारच्या जिल्ह्यात झाली. कामानिमित्त गेलो असताना मी एक दिवस त्याच्या कोर्टात मागे बसलो. साक्षीदार एक म्हातारा गुराखी होता. कापडणीसने आधी त्याला बसायला स्टूल दिले. मग विचारले, “बाबा, घरी कोणत्या बोलीत बोलता? तशीच बोला.” साक्ष संपल्यावर कारकून वाचायला उभा राहिला. कापडणीसने हात पुढे करून कागद स्वतःकडे घेतला आणि साक्षीदाराकडे पाहत एकेक वाक्य वाचले. म्हातारा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. कापडणीस थांबला.

“बाबा, आता मी काय वाचलं ते सांगा.”

“तुम्हीच वाचलं ना साहेब. मी काय सांगू?”

“मग मी चुकीचं लिहिलं असलं तर तुम्हाला कळणार कसं?”

“तुम्ही कशाला चुकीचं लिहाल?”

“बसा,” तो म्हणाला. “पुन्हा वाचतो.”

सरकारी वकील माझ्या कानाशी म्हणाले, “हे कोर्ट नाही हो, जीवन शिक्षण मंदिर आहे.” त्याच्याकडून महिन्याला निकाली निघणारी कामे इतरांपेक्षा कमी होती. गोपनीय अहवालात तसा शेरा आला होता, तो त्यानेच मला सांगितला. त्याच्या निकालांवर अपिले मात्र फारशी होत नव्हती. हे मला त्या जिल्ह्यातल्या तीन वकिलांनी वेगवेगळे सांगितले. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो जिल्ह्याचा प्रधान न्यायाधीश होईल आणि मग मुंबईच्या उच्च न्यायालयाचा रस्ता मोकळा आहे, असेही तिघांनी सांगितले. त्या रात्री लॉजवर मी माझ्या बायोडेटात काय काय लिहिता येईल याचा विचार केला. अर्ध्या पानात तो संपला.

१९८५ च्या सुरुवातीला ठगूबाईंचे अपील सुनावणीसाठी बोर्डावर आले. कापडणीसला ते कसे कळले हे मला माहीत नाही. त्याने उच्च न्यायालयाकडे परवानगी मागितली: वकील म्हणून हजर असताना एका दाव्यात मी जे ऐकले, त्याबद्दल मला साक्ष द्यायची आहे. उत्तर आले नाही. त्याने स्मरणपत्र पाठवले. तेव्हा उत्तर आले की कार्यरत न्यायिक अधिकाऱ्याने अशा प्रकारे दुसऱ्या न्यायालयातील प्रकरणात पडणे उचित दिसत नाही.

मे महिन्याच्या अगदी शेवटी मला त्याचे पोस्टकार्ड आले. अक्षर चौकटीत लिहिल्यासारखे, सुटे सुटे होते.

“कात्रण माझ्याजवळ आहे. दाराकडे पाहत, दोनदा, असे तू लिहिले आहेस. ते उपयोगाचे आहे, कारण निकालपत्रात दार नाही. लिहिणारा कोण असे कोर्ट विचारेल. तुझे नाव सांगू का? निंबा.”

मी उत्तर द्यायला आठ दिवस घेतले. त्यात मी ‘सांग’ असे लिहिले. ते पत्र त्याला शपथपत्र दाखल झाल्यावर मिळाले, असे त्याने नंतर कळवले. पोस्टाच्या शिक्क्यावरून ते खरे आहे. आठ दिवस पोस्टाने घेतलेले नव्हते.

राजीनामा मंजूर व्हायला वेळ लागला. तोवर तो रजेवर होता. ऑगस्टमध्ये त्याची साक्ष झाली. जिल्हा न्यायालयाच्या त्या दालनात त्या दिवशी उभे राहायला जागा नव्हती. कालपर्यंत न्यायाधीश असलेला माणूस पिंजऱ्यात उभा राहणार, म्हणून तालुक्यांचे वकील आले होते. ठगूबाई भिंतीशी खाली बसल्या होत्या. भाऊ मधल्या काळात वारला होता. पुतण्याच्या बाजूने परचुरे स्वतः उभे राहिले. त्यांचे वय झाले होते, पण त्यांनी कागद दुसऱ्या कोणाला दिले नाहीत.

त्यांनी आधी हरकत घेतली: हा साक्षीदार आमच्या बाजूचा ज्युनियर होता, त्याला आमच्याविरुद्ध बोलता येणार नाही. न्यायाधीशांनी सांगितले की पक्षकाराने खाजगीत काय सांगितले ते विचारू नका. उघड्या कोर्टात जे सगळ्यांनी ऐकले तेवढे विचारा. कापडणीसने येस या शब्दाचा अर्थ सांगितला, भाऊ व्हरांड्यातून येत होता हे सांगितले आणि कात्रण दाखल केले.

परचुरे उलटतपासाला उठले. त्यांनी त्याला ‘साक्षीदार’ म्हटले नाही.

“निंबा, तुला त्याच क्षणी कळलं होतं?”

“हो, सर.”

“मग तू काय केलंस?”

“तुमच्या शेजारी बसलो होतो.”

“बसून काय केलंस?”

“हसलो.”

परचुऱ्यांनी चष्मा काढला.

“तू हसलास?”

“सगळे हसले. मी हसलो नसतो तर तुम्ही मला विचारलं असतं, का रे, हसला नाहीस? मग मला सांगावं लागलं असतं.”

“आणि मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं असं तुला वाटतं?”

कापडणीसने मान डावीकडे वळवली. मला वाटले तो ‘म्हणजे?’ विचारणार. त्याने विचारले नाही. “ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही, सर,” तो म्हणाला.

परचुऱ्यांनी कात्रण उचलले. “हे कोणी लिहिलं?”

“वार्ताहराने.”

“नाव?”

“शपथपत्र केलं तेव्हा त्याची परवानगी माझ्या हातात नव्हती.”

न्यायाधीशांनी विचारले, नाव सांगायला तुमची हरकत आहे का? कापडणीस म्हणाला, मजकूर छापील आहे, अंकाची तारीख त्यावर आहे, अंक ग्रंथालयात आहे. नावावाचून काही अडत नाही. न्यायाधीशांनी तो प्रश्न सोडून दिला. मी वार्ताहरांच्या बाकावर होतो, पिंजऱ्यापासून दहा-बारा फुटांवर. मी हे सगळे लिहून घेतले. उठलो नाही.

त्याच्याकडे सोडण्यासारखे पद होते, हे मला त्या दिवशी सगळ्यात जास्त खुपले.

बाहेर पायऱ्यांवर ठगूबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांना त्याची ओळख त्या दिवशीच नीट पटली होती. अकरा वर्षांपूर्वी परचुऱ्यांच्या शेजारी काळा कोट घालून बसलेला पोरगा हाच, हे त्यांना साक्ष ऐकताना कळले. त्या अहिराणीत काहीतरी बोलल्या. मला त्यातला एक शब्दही कळला नाही. कापडणीसने खाली पाहून ऐकले. साक्ष ऐकायला आलेल्या आमच्या सटाण्याच्या वार्ताहराला मी विचारले, काय म्हणाल्या? तो म्हणाला, “एवढा उशीर का केला, असं विचारतेय.”

“आणि तो काय म्हणाला?”

“काही नाय. चूक झाली म्हणाला.”

न्यायालयाने जुनी साक्ष बाजूला ठेवली आणि ठगूबाईंची साक्ष दुभाषा लावून पुन्हा घेतली. त्यांनी अंगठा दिला नसल्याचे सांगितले. साक्ष दोन तास चालली. त्यानंतर अपील मंजूर झाले. पुतण्याने मुदतीत वर अपील केले नाही. आमच्या दैनिकात निकालाची बातमी आली, चौकटीचा खुलासा आला नाही. खुलाशाचा मसुदा मी लिहून संपादकांकडे दिला होता. ते म्हणाले, “इतक्या जुन्या गोष्टीचा खुलासा कोण वाचणार?” मी पुन्हा आग्रह केला नाही.

परचुऱ्यांनी त्या वर्षी वकिली बंद केली. कापडणीसने पुन्हा सनद घेतली नाही. न्यायाधीश होऊन गेलेल्या माणसाने खालच्या कोर्टात उभे राहणे त्याला बरे वाटत नव्हते, असे काही जण म्हणत. त्याला मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “कांदा लावलाय. पाणी आठ दिवसांनी द्यावं लागतं.” नामपूरला घराच्या ओट्यावर लोक त्याच्याकडे कागद घेऊन येत आणि तो ते वाचून दाखवी. त्यासाठी तो काही घेत नसे. नाशिकच्या बार रूममध्ये त्याचे नाव आता आदराने निघत असे. ज्यांनी शिफारस कोणाची असे विचारले होते, तेच ते घेत. माझ्या निवृत्तीच्या समारंभासाठी प्रमुख पाहुणा म्हणून कोणाला बोलवावे, यावर कार्यालयात दोन नावे सुचवली गेली. त्यातले एक त्याचे होते. मी दुसऱ्या नावाला पसंती दिली.

त्याला मी शेवटचे पाहिले ते निकालानंतरच्या हिवाळ्यात. बाजार समितीच्या बातमीसाठी नामपूरला गेलो होतो. तलाठी कार्यालयाबाहेर रांग होती आणि रांगेत ठगूबाईंच्या मागे कापडणीस उभा होता, अंगात स्वेटर, हातात पिशवी. तलाठी नवीन होता, बाहेरगावचा. त्याने ठगूबाईंचे कागद घेतले आणि नोंदवहीत लिहू लागला. मग मान वर न करता विचारले, “तुम्ही कोण?”

“बाईंबरोबर आलोय.”

“नातं?”

“नाही काही.”

तलाठ्याने लिहून वही फिरवली आणि अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे सरकवला. बाईंनी अंगठा पुढे केला. कापडणीसने त्यांचा हात मधेच थांबवला आणि वाकून नोंद वाचली.

“ठकूबाई लिहिलंय तुम्ही.”

“तेच ते.”

“ठगूबाई.”

“अहो, सगळीकडे ठकूबाईच असतं. चालतं.”

“यांना विचारा.”

तलाठ्याने पहिल्यांदा बाईंकडे पाहिले. “बाई, नाव काय तुमचं?”

बाईंनी सांगितले. तलाठ्याने क खोडला, वर ग लिहिला आणि बाजूला सही केली. मग बाईंनी अंगठा दिला. मागच्या माणसाने रांग पुढे सरकवली.

ती फेरफार नोंद मी नंतर तहसील कार्यालयात पाहिली. ती मंजूर आहे. ताबेदाराच्या रकान्यात ठगूबाईंचे नाव आहे. नावात एक अक्षर खोडून दुरुस्त केलेले आहे आणि दुरुस्तीवर तलाठ्याची सही आहे.